बायबल कसं दिसावं हे नुसत्या कोटेशनवर ठरवू नका: एक खुलं पत्र

प्रति,
पाळकसाहेब, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे पंच,
आणि ज्या ज्या संस्था मराठी बायबल छापतात, विकतात, वाटतात त्यांनाही,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी भक्तीनंतर ज्या नोटिसा वाचल्या त्यात दोन गोष्टी होत्या आणि लोकांनी त्या चहाच्या घाईत ऐकून सोडून दिल्या. एक, बाकांवरची मोठ्या टाइपातली जुनी बायबलं काढून घेणार, कारण बाइंडिंग गेलंय आणि आता स्क्रीन आहेच. दोन, हार्वेस्टच्या, म्हणजे कापणीच्या सणाच्या, पैशातून प्रत्येक घराला आणि कन्फर्मेशनच्या, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करून मंडळीत पक्क्या होणाऱ्या, मुलांना नवीन बायबल द्यायचं. सँपल ठेवलं होतं तेही पाहिलं, चेनवालं, सोनेरी कडांचं, दोन कॉलम, आत 'आशीर्वादाची वचनं' पिवळ्या आणि गुलाबी रंगात. मी विचारलं की हीच एडिशन का, तर एका पंचांनी सांगितलं, "ताई, कोटेशन मागवली होती, हे सगळ्यात स्वस्त पडतंय, आणि आत शब्द तेच आहेत ना?"

या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. मी पंच नाही त्यामुळे मीटिंगमध्ये बोलायला मला जागा नाही, म्हणून उघड लिहिलं, मंडळीतल्या बाकीच्यांनीही वाचावं. राग कोणावर नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरच्या लग्नपत्रिका मीच केल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी नौपाड्यात डीटीपीचं काम करते, पेजमेकर या जुन्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून. लग्नपत्रिका, शोकसंदेश, सोसायटीचे अहवाल, शाळेची हस्तलिखितं, आपल्या मंडळीचं वार्षिक अंकाचं काम. दिवसभर माझं तेच चालतं, कुठला मजकूर किती पॉइंटात, किती रुंदीच्या कॉलममध्ये, दोन ओळींमध्ये किती जागा. आणि भक्तीत शास्त्रपाठ वाचायला उभी राहणाऱ्यांमध्येही मी आहे. म्हणजे हे पुस्तक पानावर कसं बसलंय याच्याशी माझा दोन्हीकडून संबंध येतो, धंद्याचाही आणि श्रद्धेचाही.

तर शब्द तेच आहेत का? हो, तेच आहेत. पण गावाहून वडिलांनी पाठवलेलं पत्र घेऊन मी त्याच्या प्रत्येक वाक्याला नंबर टाकला, दोन कॉलम केले, मधली चार वाक्यं गुलाबी केली, वर 'पैशांविषयी सूचना' असं बोल्डमध्ये हेडिंग दिलं तर तुम्ही ते वडिलांचं पत्र म्हणून वाचाल का दरपत्रक म्हणून? शब्द तेच असतील की. आपण बायबलचं हेच केलंय, आणि इतक्या पिढ्यांपासून की आता ते तसंच असतं असं वाटतं.

आधी नंबरांचंच घेऊ. मूळ लिहिणाऱ्यांनी अध्याय पाडले नव्हते. आज जे अध्याय आपण वापरतो ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टनने पाडलेले असं मानतात. हिब्रूत, म्हणजे जुन्या करारात, वचन कुठे संपतं याच्या खुणा जुन्या आहेत, पण नव्या करारातली आपली वचनं पाडली रोबेर एतियेन नावाच्या माणसाने १५५१ साली, आणि हा माणूस कोण, तर मूळचा पॅरिसचा छापखानावाला, म्हणजे आमच्याच लाइनमधला. त्याचा मुलगा सांगतो की पॅरिसहून लिऑनला जाताना प्रवासात वडिलांनी हे काम उरकलं. लोक गमतीने म्हणतात घोड्याला ठेच लागली तिथे वचन तुटलं. ते काही खरं धरायला नको. पण पुढे १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये प्रत्येक वचन नव्या ओळीवर छापायला लागले आणि मग १६११ च्या किंग जेम्स बायबलनेही तेच केलं आणि तिथून ते जगभर गेलं. जॉन लॉकसारख्या इंग्रज तत्त्वज्ञाने तेव्हाच तक्रार केली होती, १७०७ साली त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या लेखात आहे, की पौल या प्रेषिताने पहिल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं अशी तुकडे करून छापतात की साधी माणसं प्रत्येक वचन सुटं सुभाषित समजतात आणि शिकलेल्यांच्याही हाती विचाराचा धागा लागत नाही. तीनशे वर्षांपूर्वीची तक्रार आहे, आणि आपल्याकडे संडे स्कूलमध्ये अजून सगळ्यात हुशार मूल कोण, तर जे सगळ्यात पटकन वचन शोधून काढतं ते.

नंबर नकोत असं मी म्हणत नाहीये. पाळकसाहेब संदेशात 'रोमकरांस आठ अठ्ठावीस' म्हणाले की पान सापडायला हवं. पण सापडण्यासाठी केलेली सोय आणि वाचायची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेत डब्यावर नंबर असतो, त्यासाठी कोणी प्रवास करत नाही.

याने काय होतं ते माझ्या टेबलावरच दिसतं. ख्रिस्ती लग्नाची पत्रिका आली की दहातल्या आठांना एकच मजकूर हवा असतो, 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे', करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय तेरा. सुंदरच आहे ते, मीही कितीदा डोळे भरून वाचलंय. पण तेरावा अध्याय बाराव्या आणि चौदाव्याच्या मधला आहे हो. ते पत्र एका भांडकुदळ मंडळीला लिहिलंय, आत्म्याने दिलेलं तुझं दान मोठं का माझं मोठं, कोण कोणाच्या गटाचा, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाला एक जण उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. या सगळ्यात पौल थांबून म्हणतो की प्रीती नसेल तर हे सगळं वाजणारी झांज. तो अध्याय खरं तर आपल्या वार्षिक सभेच्या सुरुवातीला वाचायला हवा, हिशेब मांडायच्या आधी. पण अध्यायाच्या आकड्याने त्याला दोन्हीकडून कात्री लावली आणि तो फुलांच्या बॉर्डरमध्ये जाऊन बसला.

दुसरं उदाहरण दुकानांमधलं. एका ओळखीच्यांनी नवीन दुकान टाकलं, मला बोर्ड करायला सांगितला, त्यावर बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं सातवं वचन, तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल अशा अर्थाचं. आता हे म्हणतंय कोण? देव नाही म्हणत. ईयोबाचा मित्र बिल्दद म्हणतोय, ज्याची मुलं मेलीत त्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून मेली, तू शुद्ध असशील तर तुझं भलं होईल. आणि पुस्तकाच्या शेवटी, बेचाळीसाव्या अध्यायात, देव या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. म्हणजे ज्या बोलण्याबद्दल देवाने फटकारलं तेच आपण आशीर्वाद म्हणून गल्ल्याच्या वर लावतोय. दुकानदाराची यात काही चूक नाही, त्याला ते वचन एका सुट्या कार्डावरच मिळालं होतं. आता तुमच्या रंगीत एडिशनमध्ये हेच सुटं कार्ड पुस्तकाच्या आत आलंय. सँपलमध्ये मी मुद्दाम ईयोब उघडून पाहिलं. रंग होता.

आणि यिर्मयाच्या पुस्तकातलं एकोणतीस अकरा. हे तर रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोवर येतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. ते वचन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या बरोबर आधीच्या वचनात लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. सत्तर! म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक परत जाणारच नव्हते. आणि त्याच्याही आधी लिहिलंय, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपल्या मंडळीतली अर्धी घरं नगर, जालना, संभाजीनगरकडून पोटासाठी इकडे आली, कोणी हॉस्पिटलात लागलं, कोणी कंपनीत, ऐरोली-घणसोलीला सिडकोच्या खोल्या घेतल्या, गावी परत जाऊ म्हणता म्हणता इथेच म्हातारे झाले. त्यांच्यासाठी सगळं पत्र केवढं जवळचं आहे! पण सँपलच्या पानावर अकरावं वचन तेवढं पिवळं आणि सत्तर वर्षं काळी. कन्फर्मेशनचं पोर पिवळं वाचेल, दहावीच्या पेपरच्या आधी पुटपुटेल, आणि मार्क कमी पडले की देवाने शब्द मोडला म्हणेल.

हेडिंगचं सांगते, हे मला बाई म्हणून जास्त टोचतं. इफिसकरांस पाचवा अध्याय. एकविसाव्या वचनात आहे की एकमेकांच्या अधीन असा. बाविसाव्यात, स्त्रियांनो पतीच्या. सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांमध्ये बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसाव्याला लटकून आहे, एकच दम आहे तो. तुमच्या सँपलमध्ये या दोघांच्या मध्ये काय आहे, तर एक रिकामी ओळ आणि जाड टाइपात 'पतिपत्नीविषयी' म्हणून हेडिंग. झालं, 'एकमेकांच्या' वर राहिलं आणि खालचा धडा थेट 'स्त्रियांनो'पासून सुरू. सगळ्या एडिशन्समध्ये असं नाही, काहींनी हेडिंग एक वचन वर घेतलंय, म्हणजे हे कोणीतरी टेबलावर बसून ठरवतं हे सिद्धच झालं. एक रिटर्न की कुठे मारायची एवढाच प्रश्न आहे, मी दिवसातून हजार वेळा मारते. पण त्या एका रिटर्नवर किती बायकांना किती वर्षं काय काय ऐकावं लागलंय ते मी इथे लिहीत नाही.

तसंच लाल अक्षरांचं. येशूचे शब्द लाल छापायची पद्धत काही प्रेषितांच्या काळची नाही, लुई क्लॉप्श नावाच्या न्यूयॉर्कच्या एका संपादकाने १८९९ साली नवा करार तसा काढला, लूकमधल्या 'माझ्या रक्तातला नवा करार' यावरून त्याला सुचलं. भावना चांगली. पण मूळ ग्रीकमध्ये अवतरणचिन्हंच नाहीत. योहान तीनमध्ये येशूचं बोलणं काही भाषांतरांत पंधराव्या वचनाला संपतं आणि काहींत एकविसाव्याला. म्हणजे आपलं सगळ्यांचं पाठ असलेलं तीन सोळा हे येशूचं बोलणं का योहानाचं, याचं उत्तर अभ्यासक अजून देतायत आणि छापखान्याने लाल शाई लावून ते देऊन टाकलंय.

आता माझ्या धंद्याचं थोडं, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त जागा लागते, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. सँपलचा टाइप मी मोजला, सातच्या आसपास पॉइंट भरतो आणि लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, इतकं कमी की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. 'सृष्टी'तला ऋकार भिंगाने पाहावा लागला. कॉलम अरुंद, आणि आपले शब्द कसे, 'थेस्सलनीकाकरांस', 'परराष्ट्रीयांमध्ये', मग जस्टिफाय केलं की एका ओळीत तीन शब्द आणि मध्ये हातभर भोकं. कागद इतका पातळ की मागचं पान पुढे दिसतं. असा मजकूर माणूस दहा ओळींच्या वर सलग वाचूच शकत नाही, डोळाच थकतो. माझ्या सासूबाई बोट ठेवून वाचतात, त्यांचं बोट दोन ओळी झाकतं. मग साहजिक आहे की माणूस रंगीत तेवढं वाचणार आणि चेन लावून ठेवणार.

यावर एक वडीलधारे म्हणाले, बायबल बायबलसारखं दिसलं पाहिजे. कुठलं बायबल काका? चौथ्या शतकातल्या सिनाय नावाच्या ग्रीक बायबलच्या हस्तलिखितात एका पानावर चार कॉलम आहेत. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलं त्यात दोन कॉलम आहेत पण वचनांना नंबर एकही नाही. आपल्याच भाषेत बघा, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, रोमन अक्षरांत पण मराठी, आणि सगळं ओव्यांमध्ये, कारण इथला माणूस पोथी ऐकतो, म्हणतो, हे त्या इंग्रज माणसाला कळलं होतं. आणि पंडिता रमाबाईंनी मुळातून भाषांतर करायला आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घातली ती कशासाठी, तर साध्या बाईला वाचता यावं. त्या १९२२ साली गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ ला केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून झालं, तिथल्या बायकांनी खिळे जुळवून. म्हणजे वाचणाऱ्याचा विचार करून पान बांधायचं ही आपली जुनी रीत आहे, माझं काही फॅड नाही.

आपल्या शेजारीपाजारी ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. तिथेही ओव्यांना नंबर आहेतच, पण सप्ताहात लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, म्हातारेकोतारे, कामावरून आलेले, सगळे. आपल्याकडे मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची गोष्ट, मोठ्याने सलग वाचलं तर दीड तास लागतो. एवढ्या वेळात आपली एक कमिटी मीटिंग होत नाही. तरी मंडळीत किती जणांनी मार्क एका बैठकीत ऐकलंय, विचारून बघा.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. मागच्या बाकावरच्यांना दिसतं, चांगलं आहे, ठेवा. पण स्लाइडवर एकच वचन येतं, मागे धबधबा, आणि संपलं की पुढचं. आधी काय होतं, नंतर काय आहे हे बघायला हातात पुस्तकच नाही. पाळकसाहेबांनी चुकून अर्ध वाक्य घेतलं तरी मंडळीला कळणार नाही, आणि हे मी सध्याच्या पाळकसाहेबांना उद्देशून म्हणत नाही, ते नेहमी सगळा उतारा वाचतात, पण पाळक बदलतात, स्क्रीन राहते.

तर मागण्या. कमिटीकडे आधी:

१. रंगवलेल्या एडिशनची ऑर्डर थांबवा. ॲडव्हान्स दिला असेल तर निदान कन्फर्मेशनच्या मुलांसाठी तरी साधी, रंग नसलेली, मोठ्या टाइपातली घ्या. महाग पडेल. मग कमी घ्या, ज्या घरात तीन-तीन पडलीयेत त्यांना चौथं नकोय.

२. बाकांवरची जुनी बायबलं टाकू नका, बाइंडिंग करून घ्या. ठाण्यात बाइंडर आहेत, मी गाठ घालून देते, आणि त्या खर्चाची वर्गणी माझ्यापासून सुरू करा.

३. स्लाइडवर वचन एकटं दाखवू नका, आजूबाजूचा पॅरा दाखवा, दोन स्लाइड लागल्या तर लागू देत.

४. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, एका संध्याकाळी मार्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा. संदेश नको, क्विझ नको, मध्ये गाणं हवं तर एक. वाचायला मी, तरुण संघातली दोघं-तिघं आणि कोणी तयार होईल ते.

छापणाऱ्या संस्थांना माझं म्हणणं वेगळं आहे. मजकुराचे हक्क तुमच्याकडे आहेत म्हणून आम्ही मनाने काही छापू शकत नाही, नाहीतर हे पत्र लिहिण्यापेक्षा मी रात्री बसून पानंच लावली असती. सगळं बायबल एका कॉलममध्ये मोठ्या टाइपात छापलं तर ते विटेसारखं जाड होईल आणि परवडणार नाही, मला हिशेब कळतो. सगळं मागतच नाही. एकेक पुस्तक काढा. मार्क, डेमी साइझ, तेरा पॉइंट, एक कॉलम, गद्य पॅरामध्ये, वचनांचे नंबर हवेतच तर बाहेर मार्जिनमध्ये बारीक, हेडिंग नाही, साधारण चौसष्ट पानांत बसेल, सेंटर पिन मारली की झालं. मग रूथ, मग योना, मग पौलाचं एखादं पत्र पत्रासारखं. स्तोत्रं मात्र कवितेसारखी, ओळ तोडून, कारण हिब्रू कवितेत दोन ओळी एकमेकींना उत्तर देतात, कॉलममध्ये कोंबल्या की ते उत्तर ऐकू येत नाही. इंग्रजीत हे झालंय, २०१४ मध्ये एका डिझायनरने नंबर नसलेलं, एका कॉलमचं, अनेक खंडांचं बायबल काढायला लोकांकडे पैसे मागितले तर दहा लाख डॉलरच्या वर जमले. आपल्याकडे तेवढे जमणार नाहीत, लागणारही नाहीत. आणि जिथे हेडिंगं ठेवाल तिथे पहिल्या पानावर एक ओळ टाका, की ही हेडिंगं मूळ मजकुरातली नाहीत, संपादकांनी घातलीत. एका ओळीला काही खर्च नाही.

नमुना हवा असेल तर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र मी स्वतःसाठी अशा पद्धतीने लावून पाहिलंय. पळून गेलेल्या एका दासाला परत पाठवताना त्याच्या मालकाला लिहिलेलं, पंचवीस वचनांचं, दोन पानांत बसलं, आणि पहिल्यांदा पत्र वाटलं. विकायचं नाहीये, वाटायचंही नाहीये, फक्त दाखवायला प्रूफ आहे. कमिटीतल्या ज्यांना पाहायचंय त्यांनी ऑर्डर फायनल करायच्या आधी दुकानात यावं, सकाळी दहापासून असते, दुपारी दोन ते चार सोडून.

आपली,
मंडळीतली एक वाचक
कळवा, ठाणे